धड्याचे वाफे

आबा मळ्यात वाफे पाडीत होते. तेवढ्यात गावची आशाताई बांधावर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय गं पोरी, आज अशी गप्प का?" आबांनी विचारले.

"आबा, काल माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली."

ताईचे काम तुम्हांला ठाऊक आहेच. घरोघर जायचे, बाळंतिणीची नि मुलांची काळजी घ्यायची. तालुक्याच्या शाळेने मोबाईलवर वाचता येतील असे धडे लिहिण्याची सोय केली होती. ताईने तिथे हगवणीवर धडा लिहिला. मन लावून लिहिला. माशा, विहीर, हात धुणे, औषधपाणी, सगळे त्यात घातले. पण ते सारे एकाच लांबलचक पानावर!

काल रात्री वाडीवरच्या एका बाईच्या बाळाला हगवण लागली. बाई नुकतीच वाचायला शिकलेली. तिने मोबाईल उघडला. तिला एवढेच हवे होते : पाण्यात साखर किती नि मीठ किती? ती अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. माशा आल्या, विहीर आली, हात धुणे आले. साखर काही येईना. बाळ मलूल होत चालले. शेवटी बाळाला उचलून ती अंधारात ताईच्या दारी आली. ताईने रात्रभर चमच्याचमच्याने पाणी पाजले. बाळ वाचले.

"पण आबा, मधल्या ओढ्याला पूर असता तर?" ताई म्हणाली.

आबांनी खोरे खाली ठेवले. "हे बघ, वाफे न पाडता पाणी सोडलं तर काय होईल?"

"एकीकडं चिखल, एकीकडं कोरडं."

"तुझ्या धड्याचं तेच झालं बघ. पाणी भरपूर, पण जिथं हवं तिथं पोचलं नाही. धड्याला वाफे पाड!"

जुनीच रीत

ही रीत आपल्याला नवी नाही. दासबोधाची पोथी पाहा. तिचे २० दशक आहेत. प्रत्येक दशकात १० समास. म्हणजे सगळे मिळून २०० समास झाले. दशक कितवा नि समास कितवा एवढे सांगितले, की हवे ते पान उघडते. सगळी पोथी चाळावी लागत नाही. ज्ञानेश्वरीचेही १८ अध्याय आहेत. मोठा विषय भाग पाडून सांगावा, हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आले आहे.

साधनाची ओळख

ताई ज्या साधनावर धडे लिहीत होती, त्याचे नाव मूडल. ते ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी तयार केले. त्याची पहिली आवृत्ती २००२ साली निघाली. ते फुकट मिळते. इंटरनेटवरून त्यावर धडे लिहिता येतात नि वाचताही येतात.

मूडलमध्ये धड्याचे विभाग पाडता येतात. विभाग म्हणजे आपला वाफाच म्हणा. प्रत्येक विभागाला नाव देता येते. विभाग मिटून ठेवला तरी त्याचे नाव दिसत राहते. वाचणाऱ्याने नावे पाहावीत नि हवा तोच विभाग उघडावा.

विभाग कसे पाडावेत?

दुसऱ्या दिवशी ताई शाळेतल्या संगणकापुढे बसली. पण आधी तिने कागद घेतला. वाचणारी बाई काय काय विचारील? एकेक प्रश्न तिने एकेका चिठ्ठीवर लिहिला. मग चिठ्ठ्या क्रमाने लावल्या. ज्याची घाई जास्त, तो प्रश्न वर.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात संपादनाची कळ असते. ती तिने चालू केली. मग नवा विभाग जोडला. नावाशेजारी पेन्सिलीचे चित्र असते. ते दाबून नाव लिहिले. विभागात मजकूर घातला, चित्र घातले. एक विभाग चुकून खाली गेला होता. तो माऊसने धरून वर ओढला. एक विभाग अर्धा राहिला होता. तो पुरा होईपर्यंत झाकून ठेवला. झाकलेला विभाग वाचणाऱ्याला दिसत नाही.

ताईचा नवा धडा असा झाला :

१. आत्ता लगेच काय करावे? — ओ.आर.एस.ची पुडी असेल तर ती पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेले १ लिटर पाणी घ्यावे. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये.

२. कसे पाजावे? — चमच्याने, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून परत पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे.

३. दवाखान्यात केव्हा न्यावे? — बाळ पीत नसेल, सारखे ओकत असेल, सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ घालवू नये. लगेच न्यावे.

४. हगवण का लागते?

५. ती पुन्हा लागू नये म्हणून काय करावे?

माशा नि विहीर गेली नाहीत. ती आपापल्या जागी गेली.

ताईने मोबाईल त्याच बाईच्या हाती दिला. "साखर किती ते शोध बरं," ती म्हणाली. बाईने पहिले नाव वाचले, बोट ठेवले. "सहा चमचे!" ती म्हणाली नि हसली.

ध्यानात ठेवा

एका विभागात एकच गोष्ट असावी. नाव असे द्यावे, की आत काय आहे ते कळावे. नुसते "इतर माहिती" म्हणू नये. वाफे फार लहानही पाडू नयेत. सगळी जागा बांधातच जाते. धडा झाला, की दुसऱ्याला वाचायला देऊन पाहावा.

माहिती असणे पुरेसे नाही. वेळेला ती हाती लागली पाहिजे.

प्रश्न

१. वाडीवरच्या बाईला साखरेचे प्रमाण का सापडले नाही?

२. ताईने संगणकाला हात लावण्याआधी काय केले?

३. "आत्ता लगेच काय करावे?" हा विभाग पहिला का ठेवला?

४. तुम्हांला गाईच्या निगेवर धडा लिहायचा आहे. त्याचे कोणते विभाग पाडाल? नावे वहीत लिहा.