तीळ गेला, पुरावाही गेला

भिलाईच्या पोलाद कारखान्यात माझी सगळी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. बॉयलरला जड पाणी चालत नाही. चुना आणि धुण्याचा सोडा घालून ते मऊ करायची जुनी पद्धत आहे. त्यामुळे या दोन पदार्थांचे स्वभाव मला चांगले ठाऊक. म्हणूनच दुर्गहून भाचीचा फोन आला आणि ती रडत म्हणाली, “मामा, नुसता चुना आणि सोडाच तर लावला होता,” तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

तिच्या हनुवटीच्या कडेला शाळेपासून एक तीळ. सरकारी फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून कायम तोच लिहिलेला. लग्नाचं बघायला सुरुवात झाली, बायोडेटासाठी फोटो काढायचं ठरलं आणि अचानक तो डोळ्यांत खुपायला लागला. मोबाइलवर कुणी बाई सांगत होत्या: घरातल्याच वस्तू, काही अपाय नाही, तीळ सुकून गळून पडतो. लेप लावला तेव्हा थोडं चुरचुरलं, म्हणून तो तसाच ठेवून ती झोपली. सकाळी तीळ खरंच गळाला, पण खाली खड्डा पडलेला.

पानाला लावतो तो चुना आणि धुण्याचा सोडा ओले करून एकत्र केले की चुन्यातलं कॅल्शियम खडूच्या रूपात बाजूला होतं आणि उरतो कॉस्टिक सोडा. तोच, जो तुंबलेल्या मोऱ्या साफ करायला वापरतात. खाण्याचा सोडा घेतला तरी थोड्याफार फरकाने तेच. म्हणजे ‘घरातल्या वस्तू’ हे शब्द खरे असूनही चेहऱ्यावर जे लागतं ते घरगुती नसतं. आम्ल लागलं तर कातडीवर खरपुडी धरते आणि ते काही प्रमाणात तिथेच अडतं. अल्कलीचं तसं नाही. ती कातडीतल्या चरबीचा साबण करते, मांस विरघळवते आणि आत आत जात राहते. सुरुवातीला दुखतंही कमी, म्हणून माणूस बेसावध राहतो. असा लेप लागलाच तर तो पुसून टाकून वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवायचं. उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. डोळ्याजवळ गेलं असेल तर धुऊन तडक हॉस्पिटल गाठायचं. भिलाईत भाजलेल्यांच्या उपचारासाठी सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे.

भाचीला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. माझ्या डोक्यात व्रण राहील का, एवढाच प्रश्न. डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, “तीळ कसा होता? एखादा फोटो आहे का?” फोनमध्ये शेकडो फोटो निघाले. प्रत्येकात फिल्टर लावून तीळ पुसलेला! शेवटी शाळेच्या ओळखपत्रावरचा इवलासा फोटो सापडला, त्यात काय दिसणार? डॉक्टर म्हणाले, जखम मी भरून आणीन, पण तिथे काय होतं हे आता मला कोण सांगणार?

बहुतेक तीळ आयुष्यभर निरुपद्रवी राहतात, आणि मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा खूपच कमी आढळतो, हे खरं आहे. पण तो होतो तेव्हा किती खोल गेला आहे यावर पुढचे उपचार ठरतात. ती खोली सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजतात. ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरांनी १९७० मध्ये घालून दिलेली ही पद्धत आजही चालते. तुकडाच जाळून टाकला तर मोजायचं काय?

काही महिन्यांनी व्रणातच पुन्हा तपकिरी ठिपका उगवला. मुळातल्या काही पेशी खाली राहिल्या की असं होतं. कष्टाने दडपलेला हा तीळ परत येतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी हुबेहूब मेलॅनोमासारखा दिसतो. वैद्यकशास्त्रात १९७५ पासून त्याला ‘स्यूडोमेलॅनोमा’ असं नावच आहे. डॉक्टरांनी तो भाग काढून तपासणीला पाठवला आणि सोबतच्या कागदावर आधी काय लावलं होतं ते स्पष्ट लिहिलं. ही माहिती दिली नाही तर तपासणारा फसू शकतो. रिपोर्ट येईपर्यंत बहिणीच्या घरात कुणी धड जेवलं नाही. साधाच तीळ निघाला. हनुवटीवर मात्र आता जाड, गुलाबी वळ आहे. आपल्या कातडीला अशा वाढत्या व्रणांची, म्हणजे केलॉइडची, खोड आहे. छाती, खांदे, कानाची पाळी, जबडा या जागी विशेष. भाचीला त्या वळात दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं.

चुना-सोडा हा एकच उपाय लोकांना ठाऊक आहे असंही नाही. आमच्या भंडाऱ्याकडच्या आज्या बिब्ब्याचा चटका देत. इथे छत्तीसगढमध्ये त्यालाच भेलवा म्हणतात, हरेलीला त्याच्या फांद्या शेतात खोचतात. धोब्याची कपड्यावरची जी खूण वर्षानुवर्षं जात नसे, ती या फळाच्या रसाची. कातडीवर तो फोड उठवतो. कुणी लसूण बांधतं, कुणी केसाने मस आवळतं, कुणी पायाच्या कुरुपाचं औषध तिळाला लावतं, जरी त्याच्या वेष्टनावर तिळाला लावू नये असं छापलेलं असतं. आता ठिणगी टाकणारी ‘पेनं’ही घरपोच येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये तीळ-मस काढायची औषधं विकणाऱ्या तीन कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. तीळ किंवा मस स्वतः काढण्यासाठी दुकानातून सरळ घेता येईल असं एकही औषध आपण मान्य केलेलं नाही, असं त्यांनी तेव्हा स्पष्ट केलं. ब्यूटी पार्लरमधला ‘पाच मिनिटांत तीळ गायब’ही मला याच रांगेतला वाटतो.

तीळ नकोसा वाटणं यात गैर काही नाही, त्यावरून कुणी मुलींना बोल लावू नये. चाळिशीनंतर गालांवर येणारे बारीक काळे ठिपके पुष्कळदा तीळ नसतातच, ते डॉक्टर वरच्यावर सहज काढून देतात. पण आधी बघून, मगच. साठीनंतर चेहऱ्यावर नव्याने उगवलेला, चकाकणारा किंवा मधूनमधून रक्त येणारा काळा डाग तर आधी दाखवायलाच हवा. आपल्याकडे त्वचेचा दुसरा एक कर्करोग अगदी तिळासारखा दिसतो. एक बाजू दुसरीसारखी नसणं, फाटकी कड, दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आकार आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बदल: यांतलं काही दिसलं तर थांबू नये. आपण चेहरा न्याहाळतो, तळवे बघतच नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलॅनोमा तळपाय, तळहात किंवा नखाखाली निघण्याचं प्रमाण मोठं असतं. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला. आधी फुटबॉलची दुखापत समजले होते. १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी मार्ली गेला.

डॉक्टरांकडे जाताना तिळाचा फिल्टर न लावलेला फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, काढून न्यावा. लेझरने उडवून देतो म्हणाले तर विचारावं, तपासणीला तुकडा राहील का? काढलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. रिपोर्टवर त्याचा नंबर असतो, तो कागद घरच्या फाइलमध्ये असू द्यावा. रायपूरच्या एम्समध्ये किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तिथले डॉक्टर आधी तोच ठोकळा मागतात.