अनामतीची पावती

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तेलंगणाची हद्द जवळच. लाल मिरचीचा येथील बाजार दूरवर माहीत आहे. खेड्यांतून माणसे येथे कामधंद्याला येतात. कोणी खोली घेतो, कोणी दुकानाचा गाळा घेतो. मालक आधी अनामत मागतो.

अनामत म्हणजे भाडे नव्हे. ती मालकाकडे ठेवलेली आपली रक्कम. खोली सोडताना भाडे व विजेचे बिल फिटले, मोडतोड नसली, की ती परत मिळायची असते.

समजा, एका कुटुंबाने खोली घेतली. दहा हजार रुपये अनामत दिली. कागद केला नाही. दोन वर्षांनी खोली सोडली. नव्या खोलीची अनामत याच पैशांतून द्यायची होती.

"मालक, आमचे दहा हजार द्या."

"दहा कुठले? पाचच दिले होते. ते रंगाला गेले."

"असं कसं म्हणता? तुमच्या हातावर मोजून दिले की!"

"कागद हाय का?"

कागद नव्हता. मग पैसे बुडाले का? नाही.

मराठवाड्यात पूर्वी घरभाड्याचा हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कायद्याच्या यादीतील गावांना तो लागू आहे. आपले गाव यादीत आहे का, ते वकिलाला विचारावे.

कलम ५५ सांगते : भाड्याचा करार लेखी हवा व नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे असेल, तर तसे सिद्ध करावे लागते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षा होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे लोक म्हणतात. हे कलम तशी सूट देत नाही.

तरी पैसे दिल्याचा पुरावा जवळ हवा. भाड्याच्या पावत्या, बँकेची नोंद, मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद, पैसे देताना हजर असलेला शेजारी, हे सारे पुरावेच.

तंटा झाला तर काय करावे? आधी चार माणसांदेखत मागणी करावी. मग लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवावी. पोच जपून ठेवावी. तरीही पैसे मिळाले नाहीत, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व गरीब यांना तेथे वकील फुकट मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोडही होते. उशीर करू नये. पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

पण सर्वांत सोपा उपाय पहिल्याच दिवशी करावा. आता आपल्याला लिहिता येते. पैसे देतानाच पावती लिहून घ्यावी. मालकाचेही त्यात हित आहे. उद्या कोणी जास्त रक्कम मागू शकत नाही.

पावतीचा नमुना

मी ............ , राहणार ............ . माझी खोली ............ यांना भाड्याने दिली. दरमहा भाडे रुपये ...... . अनामत रुपये ...... (अक्षरी ............) आज मिळाली. खोली सोडताना बाकी असल्यास ती वजा करून अनामत परत देईन.
तारीख ......
मालकाची सही ......
साक्षीदार १ ...... २ ......

ही पावती नोंदणीच्या बदली चालत नाही. करार दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवून घ्यावाच.

प्रश्न
१. अनामत आणि भाडे यांत फरक काय?
२. करार नोंदवण्याची जबाबदारी कोणाची?
३. वरचा नमुना वहीत उतरवा. रिकाम्या जागा भरा. रक्कम अंकांत व अक्षरांत लिहा.