आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्या होस्टेलवर निदान ठरलेलं असतं : "रॅम वाढव." दुसरं मत घेतलंच तर "फॉरमॅट मार." घरून आलेले पैसे रॅममध्ये जातात आणि प्रोग्रॅम आपल्या जुन्याच चालीने चालत राहतो. आग नक्की कुठे लागलीय, हे कुणी बघितलेलंच नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचे गँट चार्ट आपण मार्कांसाठी काढतो; पण चालू मशीनची नाडी कशी बघायची, ते कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

मित्रांनो, लिनक्सवर एक प्रयोग करा. 100 एमबीची फाइल एकेक बाइट करत 'रीड' या सिस्टिम कॉलने वाचणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहा. मी लॅबमध्ये तो चालवला, तेव्हा शेजारच्या मित्राने लगेच सांगून टाकलं, "हार्ड डिस्क स्लो आहे." मग दुसऱ्या विंडोत 'व्हीएमस्टॅट 1' दिलं. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. उजवीकडचे रकाने महत्त्वाचे : 'यूएस' म्हणजे आपल्या कोडचा वेळ, 'एसवाय' म्हणजे कर्नलचा, 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला. 'डब्ल्यूए' जवळजवळ शून्य! फाइल आधीच मेमरीत येऊन बसली होती. वर चढला होता तो 'एसवाय'. (चार कोर असतील तर एक कोर पूर्ण जुंपला, तरी बेरीज 25 च्या आसपासच दिसते.)

आता कर्नल एवढा कशात गुंतलाय? त्यासाठी 'एसट्रेस', सोबत 'सी' हा पर्याय. इथे मात्र 1 एमबीचीच फाइल घ्या. 'रीड'ची संख्या येते 10,48,576 च्या थोडी वर. 4096 बाइटचा बफर लावा, तेच काम साधारण 256 कॉलमध्ये होतं. रॅम तीच, डिस्क तीच.

पण एसट्रेसलाही किंमत आहे. प्रत्येक सिस्टिम कॉलला तो प्रोग्रॅमला दोनदा थांबवतो : आत जाताना आणि बाहेर येताना. म्हणून त्याच्या मोजणीवर विश्वास ठेवा, वेळेवर नाही. चालू सर्व्हरवर तर तो जपूनच वापरावा.

हीच अडचण सनच्या इंजिनिअर्सनी सोडवली. 2005 मध्ये सोलॅरिस 10 सोबत डीट्रेस आलं. त्याची गंमत अशी की प्रोब बंद असेल तर कर्नलचा कोड जसाच्या तसा धावतो. चालू केलं की त्या जागेची सूचना तात्पुरती बदलली जाते. सर्व्हर बंद करायची गरजच नाही. लिनक्समध्ये 2008 मध्ये एफट्रेस आणि 2009 मध्ये परफ आलं. 2014 पासून ईबीपीएफ आहे. त्यात आपला छोटा प्रोग्रॅम कर्नलमध्ये धावतो, पण तो सुरक्षित आहे की नाही हे कर्नल आधी तपासून घेतं.

थोडक्यात काय, वेळ कुठे जातोय ते आधी बघा, मग मोजा, मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. व्हायव्हात हे कुणी विचारेल न विचारेल. नोकरीत पहिल्याच महिन्यात लागेल.