गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तेव्हा तपासणी दोघांचीही

लागोपाठ दोन-तीनदा गर्भपात झाला की वस्तीत बोट सुनेकडेच वळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही कुणीतरी हळूच उतारा टाकून येते. नवऱ्याला मात्र 'तूही दवाखान्यात चल' असे कुणी म्हणत नाही. म्हणून आम्ही आधी त्याच्याबद्दल लिहितो.

मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ज्या जोडप्यांत वारंवार गर्भपाताचे कारण सापडत नव्हते, त्यांतील पुरुषांचे शुक्राणू तिथे तपासले गेले. नेहमीच्या वीर्यतपासणीत हे पुरुष नॉर्मल होते. तरी जनुकांवरच्या काही रासायनिक खुणा बिघडलेल्या आढळल्या, असे २०१२ साली या संशोधकांनी मांडले. या खुणा गर्भाच्या आणि वारेच्या वाढीशी निगडित आहेत. यावर अजून हमखास औषध नाही. पण दोष एकट्या बाईचा, हे म्हणणे टिकत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात. जड घागर उचलली, पपई खाल्ली म्हणून नव्हे. इतर कारणांत गर्भपिशवीतला पडदा, थायरॉईड, ताब्यात नसलेली साखर येते. आणखी एक महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तात गुठळ्या करणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्ये. ही रक्ततपासणी एकदा करून भागत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. यावर उपचार आहे. लंडनमध्ये अशा ९० बायांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या ॲस्पिरिनवर शंभरात ४२ जणींना मूल झाले, सोबत हेपारिनची इंजेक्शने दिल्यावर ७१ जणींना. पण ही प्रतिद्रव्ये नसतील तर याच औषधांचा उपयोग दिसलेला नाही. शेजारणीला लागू पडले म्हणून आपण घेऊ नये.

कारणच सापडले नाही तर? २०१५ साली अशा ८३६ बायांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना प्रोजेस्टेरॉन, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. दोन्हीकडे शंभरातल्या सुमारे ६५ जणींना मूल झाले. म्हणजे औषधाने फारसा फरक पडला नाही, आणि आशा सोडण्याचेही कारण नाही. (रक्तस्राव सुरू झालेल्या आणि आधी गर्भपात झालेल्या बाईला मात्र प्रोजेस्टेरॉनचा फायदा होऊ शकतो, असे नंतर दिसले.)

पैशाचेही बोलू. 'टॉर्च' नावाची महागडी तपासणी आपल्याकडे सर्रास लिहून देतात. वारंवार गर्भपातासाठी ती नेमाने करावी, असे युरोपातील तज्ज्ञ मानत नाहीत. लिहून दिली तर 'कशासाठी?' असे विचारा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दोन गर्भपात झाले की तिसऱ्याची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, सीपीआर किंवा महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयात दोघे मिळून जा. जुने सोनोग्राफी रिपोर्ट, गर्भ कितव्या आठवड्यात पडला, ठोके दिसले होते का, हे कागदावर घेऊन जा. त्याने विडी-सिगारेट सोडावी, तिने मिशरी. मिशरी-तंबाखूने मृतजन्माचा धोका वाढतो, हे मुंबईतल्याच अभ्यासात दिसले आहे. आणि दिवस राहिल्यावर खूप रक्त जाऊ लागले, चक्कर आली किंवा ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.