‘मड’ या शब्दाचा अभ्यास

इंग्रजी भाषेंत मोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच आपणांस अधिक फसवितात. ‘मड’ हा तसाच एक शब्द होय. मड म्हणजे चिखल, हें खालच्या वर्गांतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु एकदां आम्हीं ‘क्लिअर ॲज मड’ हे शब्द भाषांतरास दिले असतां एका हुशार विद्यार्थ्यानें “चिखलासारखें स्पष्ट” असें लिहून, गुरुजींनीं विषय उत्तम समजाविला, असा अर्थ काढला! वास्तविक हा उपरोध आहे. चिखलांतून आरपार दिसत नाहीं. तेव्हां चिखलाइतकें स्पष्ट म्हणजे मुळींच न समजलेलें. प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर, पण वाक्याचा अर्थ अगदीं उलट, असें झालें.

प्रथम मूळ अर्थ पाहूं. माती व पाणी यांचें मऊ मिश्रण तें ‘मड’. कुंभाराची चिकण माती ती ‘क्ले’, नदीनें आणून टाकलेला गाळ तो ‘सिल्ट’, आणि पाय रुततो ती दलदल म्हणजे ‘मायर’. आपल्या सायकलीचें मडगार्ड म्हणजे चिखल अडविणारें पत्र्याचें आवरण. हा शब्द आपण रोज उच्चारतों, पण त्यांतील ‘मड’ ओळखीत नाहीं. घोटाळा या अर्थाचा ‘मडल’ हा शब्दही याच कुळांतला. पाणी ढवळून गढूळ करावें, तसे विचार गढूळ झाले म्हणजे ‘मडल’ होतो.

माणसांसही हा शब्द चिकटला आहे. जुनी रीत न सोडणाऱ्या निरुत्साही मनुष्यास ‘स्टिक-इन-द-मड’, म्हणजे चिखलांत रुतून बसलेला, म्हणतात. ‘मडलार्क’ याचा शब्दशः अर्थ चिखलांतील चंडोल. नांव मोठें गमतीचें, पण त्यामागील हकीकत करुण आहे. गेल्या शतकापूर्वीच्या लंडनांत ओहोटीच्या वेळीं थेम्स नदीच्या चिखलांत उतरून कोळसा, दोरीचे तुकडे, खिळे वेंचून पोट भरणाऱ्या गरीब मुलांना हें नांव होतें. हेन्री मेह्यू यानें १८५१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें आहे.

आपण ज्यास चिखलफेक म्हणतों, तेंच इंग्रजींत ‘मडस्लिंगिंग’. अब्रू गेलेल्या मनुष्याविषयीं ‘हिज नेम इज मड’ असें म्हणतात. याची एक कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. १८६५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा खून करून पळालेल्या बूथचा मोडलेला पाय डॉक्टर सॅम्युअल मड यानें बांधला. त्यास जन्मठेप झाली, व त्याच्या नांवावरून हा वाक्प्रचार पडला, अशी ती कथा. डॉक्टरास शिक्षा झाली हें खरें, व १८६९ सालीं त्यास माफी मिळाली हेंही खरें. परंतु हा वाक्प्रचार १८२३ सालीं लंडनमध्यें छापलेल्या बाजारी बोलीच्या एका कोशांतच आढळतो! म्हणजे खुनापूर्वीं बेचाळीस वर्षें तो लोकांच्या तोंडीं होता. केवळ नांवाच्या साम्यामुळें तो त्या डॉक्टराच्या माथीं बसला.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वाक्प्रचार सबंध शिकावा, त्याचे तुकडे करून भाषांतर करूं नये. आणि व्युत्पत्तीची कथा कितीही गोड असली, तरी सन ताडून पाहिल्यावांचून ती खरी मानूं नये. शब्दाविषयीं ही काळजी घेण्याची संवय लागली, म्हणजे एखाद्या मनुष्याविषयीं कानीं आलेली गोष्ट पुढें सांगतांनाही आपण क्षणभर थांबूं. कपड्यांवरील चिखल धुतां येतो. नांवावर उडालेला सहजासहजीं निघत नाहीं.