माप घेतल्याशिवाय व्हीलचेअर नको



१४ एप्रिल आला की वस्त्यावस्त्यांत मंडप लागतो. अलीकडे त्याच मंडपात व्हीलचेअर, काठ्या, कानाची मशीन वाटण्याचा कार्यक्रमही होतो. देणाऱ्यांची भावना चांगली असते, त्याबद्दल वाद नाही. पण टेम्पोतून एकाच मापाच्या वीस खुर्च्या उतरतात, वीस नावं पुकारली जातात, फोटो निघतो आणि खुर्ची घरी जाते. महिन्याभरानं त्याच घरी गेलात तर बऱ्याच ठिकाणी ती घडी करून भिंतीला टेकवलेली दिसते, वर टॉवेल वाळत असतो. माणूस मात्र पूर्वीसारखाच चटईवर. घरची माणसं सांगतात, "त्यांना बसवत नाही." बसवत नाही, कारण ती खुर्ची त्यांच्या मापाची नाहीच. शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण घालतो का?

सरकारनं 'अपंग' शब्द बदलून 'दिव्यांग' केला. शब्द बदलला, वाटपाची पद्धत तीच राहिली.

व्हीलचेअरबद्दल सविस्तर सांगते, कारण चुकीच्या खुर्चीनं माणूस दगावू शकतो. यात अतिशयोक्ती नाही. आपण पाटावर बसलो तरी दर थोड्या वेळानं नकळत कूस बदलतो, कारण बुडाला रग लागते. मणक्याला मार लागून ज्याच्या कमरेखालची जाणीव गेली आहे, त्याला ही रग कळतच नाही. बसण्याच्या दोन हाडांखालची कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत लाल डाग उठतो. तो डाग बसणं थांबवल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर समजा जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून तिथं हात लावून पाहा: जागा गरम, कडक किंवा सुजलेली लागते का? वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. तिचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला की माणूस हाती लागत नाही. वॉर्डात मी अशी तरुण माणसं पाहिली आहेत, जी अपघातातून वाचली आणि नंतर या जखमेनं गेली.

म्हणून नुसत्या रेक्झिनच्या कापडावर अशा माणसाला बसवू नका. खुर्चीसोबत गादी हवीच, आणि ती तपासून घ्यायची. माणूस गादीवर बसला की आपला हात गादी आणि खुर्चीच्या मध्ये, बसण्याच्या हाडाच्या बरोबर खाली सरकवा. बोटांची टोकं थोडी वरखाली हलवता आली तर गादी ठीक. हलत नाहीत पण हात सहज बाहेर येतो, तर सावध राहा. बोटं दाबूनच गेली आणि ओढून काढावी लागली, तर ती गादी बदला. कापसाची उशी चार दिवसांत गोळा होते, ती चालत नाही. मध्ये भोक असलेली रबरी रिंग तर मुळीच वापरू नका. तिच्या कडेनं भोवतालचं रक्त अडतं आणि जखम वाढते. गादी चांगली असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढं वाकून किंवा हातांवर अंग उचलून एक-दोन मिनिटं भार काढायचा. रोज रात्री घरच्यांनी बुड, माकडहाड आणि टाचा पाहायच्या.

आता माप. शिंप्याची टेप पुरेशी आहे. माणसाला सरळ बसवा आणि कमरेखाली सर्वांत रुंद जागा मोजा. बसण्याची रुंदी तेवढीच, फार तर दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त. "मोठी घ्या, ऐसपैस होईल," असं सांगणारे भेटतील. मोठ्या खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, मणका वाकडा होतो आणि चाकापर्यंत हात पोचत नाही. मग ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा. बसण्याची खोली त्याहून दोन-तीन बोटं कमी हवी, नाहीतर कड गुडघ्यामागं रुतते आणि माणूस पुढं घसरतो. पाय ठेवायची पट्टी अशा उंचीवर असावी की संपूर्ण मांडी गादीला टेकेल. पट्टी उंच राहिली तर गुडघे वर येतात आणि सगळा भार त्याच दोन हाडांवर पडतो. जमिनीपासून मात्र ती निदान ५ सेंटीमीटर वर हवी, नाहीतर गटाराच्या फरशीला अडकेल.

एवढ्यावर भागत नाही. घर मोजा. चाकं आणि बाहेरची कडी धरून खुर्ची बसण्याच्या जागेपेक्षा साधारण २० सेंटीमीटर रुंद असते. ४० सेंटीमीटरच्या आसनाची खुर्ची ६० च्या दारातून जाताना बोटं सोलून निघतात. गल्ली मोजा, उंबरा पाहा. लकव्यानं ज्याचा एक हात गेला आहे, त्याला साधी खुर्ची स्वतः चालवणं फार कठीण असतं. एकच चाक ढकललं की ती गोल फिरते. त्याला एका हातानं चालवायची खुर्ची लागते, किंवा ढकलणारा माणूस. दूरच्या रस्त्यावर धंद्याला जाणाऱ्याला हातानं फिरवायची तीनचाकी सायकल जास्त उपयोगी, पण ती दहा बाय दहाच्या खोलीत फिरत नाही. म्हणजे आधी विचारायचं: याला जायचं कुठं आहे?

आणि संडास. बायकांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. सार्वजनिक संडासाला पायऱ्या असतात, दार अरुंद असतं. मग आपली आई-बहीण पाणी पिणंच कमी करते. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ. अशा घरात व्हीलचेअरच्याही आधी भांड्याची कमोड खुर्ची आणि एक पडदा लागतो. कुठल्याही मंडपात कमोड खुर्चीसोबत फोटो काढलेला मी अजून पाहिला नाही.

काठीचं थोडक्यात. पायात रोजची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. बहुतेक जण उलट धरतात. काखेतली कुबडी काखेत रुतवायची नाही. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं आणि भार हातावर, नाहीतर काखेतली शीर दबून हाताला मुंग्या येतात आणि मनगट लुळं पडतं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. "काठी घेतली तर लोक म्हातारा म्हणतील," म्हणून पडून खुब्याचं हाड मोडून घेणारे मला दरवर्षी भेटतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब धम्मदीक्षेच्या व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. लाजायचं कशाला?

कानाचं मशीन टीव्हीवरची जाहिरात पाहून मागवू नका. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ आणि पू तपासून घ्या, मग ऐकण्याची तपासणी करा. त्या आलेखाप्रमाणे मशीन लावतात. स्वस्त मशीन सगळाच आवाज मोठा करतं, पंख्याचाही. मग आजोबा ते डब्यात ठेवून देतात.

पैशांचं. केंद्र सरकारची एडिप योजना आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला आणि मर्यादेतलं उत्पन्न असेल तर साधन मोफत किंवा अर्ध्या किमतीत मिळतं. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. एक अट नीट लक्षात घ्या: योजनेतून एकदा साधन घेतलं की तेच साधन तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. चुकीच्या मापाची खुर्ची गप्प घेतलीत तर तीन वर्षं अडकलात. म्हणून शिबिरात बसून पाहा आणि बसत नसेल तर सही करू नका. ६५ वर्षांवरच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर साधनासाठी ३,००० रुपये एकदा खात्यात येतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठं खर्च झाले, हे लेखी विचारा. मुंबईत हाजीअलीची फिजिकल मेडिसिनची केंद्रीय संस्था हात-पाय आणि खुर्चीसाठी, तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था कानासाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलात विचारा.

जयंती मंडळांना विनंती आहे. दोन महिने आधी एका रविवारी वंदनेनंतर विहारात टेप आणि वही घेऊन बसा, फिजिओथेरपिस्टला बोलवा, एकेकाचं माप आणि त्याच्या दाराचं माप लिहा. वीसऐवजी आठच खुर्च्या होतील. होऊ द्या. घेताना टायर आणि स्पोक सायकलच्या दुकानात मिळतील अशीच खुर्ची निवडा, नाहीतर पहिल्या पंक्चरला ती भिंतीला लागेल. आणि काठीच्या बुडाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला. मेडिकलमध्ये मिळतं, पावसाळ्यात काठी त्याच्यावरच उभी असते.