पायाची सूज आणि लघवीची गोळी

गेल्या पावसाळ्यात विडी वळणाऱ्या एक ताई दवाखान्यात आल्या. दोन्ही पाय सुजलेले. बोटाने दाबले की खळगा पडे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनची गोळी चालू होती. हृदय, मूत्रपिंडे तपासली, ठीक निघाली. मी लघवी वाढविणारी गोळी दिली. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री चारदा उठावं लागतं, पण सूज तशीच." चूक माझी होती.

रक्तातून झिरपलेले जादा पाणी व प्रथिने लसिकावाहिन्या परत रक्तात नेतात. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भित्तीत स्नायू असतात. त्या स्वतः आकुंचन पावतात व आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत. थोडा ताण पडला की त्या जोमाने काम करतात. सतत ताण राहिला, तर थकतात. चालताना पोटरी त्यांना पिळते. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसले की ही मदत थांबते.

आकुंचनासाठी स्नायूंत कॅल्शियम शिरावे लागते. ॲम्लोडिपिन तीच वाट अडवते. बारीक रोहिण्या रुंदावून झिरपणे वाढते, आणि लसिकावाहिन्याही मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. नळ मोठा आणि मोरी तुंबलेली! लघवीची गोळी इथे फारशी उपयोगी पडत नाही.

विदर्भातील हत्तीरोगात कृमी याच वाहिन्यांत राहतात. डीईसीच्या गोळ्या कृमींवर चालतात. पण बिघडलेल्या वाहिन्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून साबणाने पाय धुणे, कोरडा ठेवणे, उंच ठेवणे व व्यायाम जन्मभर करावा लागतो.

मी ताईंची रक्तदाबाची गोळी बदलली, लघवीची बंद केली. दर अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवून चार पावले चालायला व टाचा वर-खाली करायला सांगितले. तीन आठवड्यांत पाय उतरले.

वाचकहो, सूज दिसली म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने सोडू नका. पक्षाघाताचा धोका असतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, पाय लाल होऊन ताप आला किंवा सुजेबरोबर धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. निम्मे निदान त्या पिशवीतच असते.